धरणारा दांडा

सेलूत, स्टेशन रोडला, आमच्या दुकानात
जळालेल्या मोटारी रुसल्यासारख्या ओळीनं पडलेल्या.
वार्निशचा वास. तांब्याच्या तारेची रिळं.
दादा (लिंबाजी रिवाइंडिंग वर्क्स, स्थापना १९८६)
स्टेटरच्या खाचांत कागद सारता सारता विचारतात,
"नांदेडला नेमकं काय करायलीस तू, माय?"

मी मोबाईल पुढे धरते.
रेणू गोठवून, इलेक्ट्रॉनच्या झोतात टिपलेलं चित्र:
आठ पाकळ्यांचं कडं, मधून जरा वाकडा शाफ्ट,
वर तीन जोड्यांचं डोकं.
अशा हजारो, एकेका पेशीत.
तुमच्यात, मुनीरमध्ये, दारातल्या त्या शेळीत.

दादा कपाळावरचा चष्मा खाली घेतात.
"ही तर मोटारच."
मोटारच.
"फेरे किती?"
सेकंदाला शंभरेक.
"म्हंजी मिनिटाला सहा हजार. बेअरिंग?"
नाही.
"ग्रीस?"
चरबीच्या पडद्यातच बसवलीय.
"मग हायच की ग्रीस."

"अन् सप्लाय?"
मी पहिलं संकुल दाखवते. बुटासारखं.
एक बाजू पडद्यात आडवी, एक आत उभी,
पंचेचाळीस तुकडे,
आणि आतून लोह-गंधकाचे खडे ओळीनं.
इलेक्ट्रॉन खड्यावरून खड्यावर जातो,
लहानपणी दुधना ओलांडायचो आम्ही, तसा.
तो जातो आणि प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात.
तिकडं गर्दी होते. परतीची मोठी वाट एकच,
या मोटारीतून.

दुसरं संकुल मात्र पंप करत नाही.
"मग ठिवलंय कामून?"
दुसऱ्या फीडरवरून इलेक्ट्रॉन आणतं ते.
"हां. जोड कनेक्शन."
तिसरं जुळं. त्याचं एक डोकं इकडून तिकडं वळत राहतं.
चौथ्यात तांबं आहे, दादा.

त्यांचा हात थांबतो.
"तांबं?"
तीन अणू.
"ऐकलं का मुनीर? तीन अणू. अन् आपण किलोनं मोजायलोत."

आणि तिथंच, शेवटी,
श्वासातला ऑक्सिजन येतो,
दमलेले इलेक्ट्रॉन पदरात घेतो
आणि पाणी होतो.
"पाणी?"
दिवसाला पेलाभर.

दादा बराच वेळ गप्प.
बाहेरून टँकर जातो,
रस्त्यावर ओली रेघ सोडत.
"आठशे फुटावरून मोटारी वर काढल्या आम्ही," म्हणतात,
"अन् ही बाई म्हणते, आत पेलाभर तयार व्हायलंय."

मग एकदम:
"जळली तर? रिवाइंड कोण करतं?"
कुणीच नाही. पेशी ती मोडते, पचवते, नवी बांधते.
"अन् नवी बांधणं जमंना झालं तर?"

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी
न दिसणारी तार वळत राहतात. दिवाळीपासून.
मेंदूतल्या एका काळ्या ठिपक्यात
पहिलं संकुल मंदावतं, म्हणतात.
मी वाचलंय. शिकवलंयही,
फळ्यावर बाण काढून, तास संपायच्या आत.
दादा, चहा सांगू का, एवढंच विचारते.

ते अजून चित्रच बघतायत.
"हा बाजूचा दांडा कशाला? हा तर फिरंना."
धरून ठेवतो.
शाफ्टबरोबर डोकंही गरगरलं
तर नुसतं फिरणंच होईल, हाती काही लागायचं नाही.
"नाव काय त्याचं?"
परिघीय देठ.
"हे कसलं नाव! फाउंडेशन बोल्ट म्हण."

तीनला थ्री फेज येणार.
जिनिंगवाल्यांची मोटार, शेवटचे चौदा वेढे उरलेत.
दादा डाव्या हातानं उजवं मनगट धरतात.
तार खाचेच्या तोंडाशी थरथरते, बाहेर येते,
पुन्हा थरथरते.
मुनीर दुसरीकडं बघतो.

मी मोबाईल पालथा ठेवते.
त्यांच्या हातावरून माझा हात घेते, घट्ट.
तार आत जाते.

"एक," मुनीर मोजतो.